डाव्या कानाची बाजू

मी पायाळू आहे, हे वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत मी कोणालाही सांगितले नव्हते. जन्माच्या वेळी ज्याचे डोके नव्हे तर पाय आधी बाहेर येतात, त्याला आमच्याकडे पायाळू म्हणतात. वीज अशा माणसाला शोधत येते, अशी समजूत आहे. आपला जन्म कसा व्हावा हे कोणाच्या हाती नसते, तेव्हा तो दोष मी स्वतःला लावत नाही. माझा दोष वेगळा आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, गारांच्या एका वादळात, एका मेंढपाळाला तो पायाळू आहे म्हणून आमच्या आखाड्याच्या बाहेर काढले गेले. आखाडा म्हणजे शेतातली पत्र्याची शेड. अवजारे, कडबा आणि माणसे, सगळ्यांचा तो आसरा. त्याच आखाड्यात मीही बसलो होतो. तितकाच पायाळू, आणि कोरडा. मी गप्प राहिलो.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांना वाटते की बीड जिल्ह्यात फक्त दुष्काळ पडतो. ते काही खोटे नाही. पण फाल्गुनापासून मिरगापर्यंतचे तीन महिने आमच्याकडे आभाळाचा भरवसा नसतो. सकाळी ऊन इतके कडक असते की बालाघाटाचे डोंगर थरथरल्यासारखे दिसतात. दुपारी तीनच्या सुमारास परळीच्या अंगाला एक काळी रेघ उठते, जनावरे चरायची थांबतात, आणि अर्ध्या तासात ज्वारीचे उभे रान आडवे झालेले असते. समुद्राकाठच्या वादळांना म्हणे नावे देतात. टीव्हीवर ती नावे ऐकून आमच्या गावातली म्हातारी माणसे हसतात. आमच्याकडचे वादळ ज्या त्या घरात वेगळ्या खुणेने ओळखले जाते. शाळेचे पत्रे उडून ओढ्यात पडले ते. चिंचेखाली बांधलेला बैल गेला ते. आंब्याला कैरीच उरली नाही ते. आमच्या घरात एका वादळाला ‘मेंढरांचे’ म्हणत, आणि ते म्हटले गेले की मी काही तरी निमित्त काढून उठून जात असे.

माझा जन्म आजोळी झाला. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, तशी आई धर्मापुरीच्या पलीकडच्या तिच्या गावी गेली होती. म्हणून मी कसा जन्मलो हे तीनच बायकांना ठाऊक होते: आई, आजी आणि सुईण. आजीने सुईणीला देवासमोर बसवून तिच्याकडून वचन घेतले, आणि आई मला दोन महिन्यांनी सासरी घेऊन आली ती हे गुपित पदराआड झाकूनच. वडिलांनाही तिने सांगितले नाही. मला तिने सांगितले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. आभाळ गडगडू लागले की ती कुऱ्हाड अंगणात फेकायची. वीज लोखंडावर जाते, घरात येत नाही, असा तिचा विश्वास. ते सगळ्याच घरांत करत. पण नंतर ती मला एकट्याला माजघराच्या मधोमध घोंगडीवर बसवायची आणि माझे दोन्ही पाय आपल्या मांडीखाली दाबून धरायची. एकदा मी विचारले, “कावून धरतेस माझेच पाय?” तेव्हा तिने कानात सांगितले, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, “माझी शपथ हाय तुला. कोनाला म्हनून कोनाला बोलू न्हाईस.”

पायाळू माणसाची दुसरीही एक ख्याती असते. कोणाच्या पाठीत उसण भरली की त्याला पालथे झोपवून पायाळू माणूस त्याच्या पाठीला तीनदा पाय लावतो, आणि दुखणे जाते म्हणतात. वडिलांची पाठ सारखी धरायची. ते कण्हत असले की आई माझ्याकडे बघायची आणि लगेच नजर काढून घ्यायची. माझा पाय त्यांच्या पाठीला एकदाही लागला नाही. त्यांना गुण येत होता तो त्या मेंढपाळाच्या पायाने.

तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. दर साली सुगीच्या सुमाराला तो आपली मेंढरे घेऊन आमच्या शिवारात उतरायचा. रान मोकळे झाले की शेतकरी आपणहून मेंढपाळाला बोलावून आणतात. मेंढरे चार-आठ दिवस रानात बसली की लेंडीखताने जमीन पुढच्या पिकाला ताकद धरते. म्हणजे तो आमच्या रानात आला होता तो आमच्याच बोलावण्यावरून. त्याच्या मेंढरांची वाघर, म्हणजे जाळ्यांचे कुंपण, आमच्या बांधाला लागलेली असायची, आणि भाकरी आमच्या घरून जायची. त्या वर्षी मी सव्वीस वर्षांचा होतो. गावच्याच शाळेवर विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो, आणि माझी सोयरीक जवळजवळ पक्की झाली होती.

त्या दिवशी सकाळी वडिलांची पाठ पुन्हा धरली. मेंढपाळ आला, वडील पेंढीवर पालथे झोपले, आणि त्याने डाव्या पायाचा अंगठा तीनदा त्यांच्या पाठीला लावला. वडील उठून बसले आणि हसत म्हणाले, “तुझ्या पायाला सोन्याचा तोडा घालावा बे.” तो म्हणाला, “तोडा नगं मालक. चप्पल घ्या. याच पायाची तुटलीया.” सगळे हसले. चुलतेही हसले; त्यांना आम्ही तात्या म्हणतो. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झाले ते कोणा दुष्ट माणसांनी केलेले नाही.

दुपारपर्यंत निम्मी ज्वारी काढून पेंढ्या बांधून झाल्या होत्या. मग वारा एकाएकी थांबला. झाडाचे पानही हलत नव्हते. चुलत्यांनी वर पाहिले आणि “हाय तसं सोडा” एवढेच म्हणाले. आम्ही आखाड्यात पोचेपर्यंत पहिल्या गारा आल्या, बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आखाड्यात आम्ही सहा जण होतो: वडील, चुलते, मी, शेजारच्या रानातले दोघे शेतकरी आणि मेंढपाळ. पत्र्यावर गारांचा आवाज इतका होता की बोलायचे तर ओरडावे लागे. मेंढपाळाने मेंढरे वाघरीत घातली होती, पण गारांनी बिथरून ती जाळी मोडून बांधावरच्या बाभळीखाली जाऊन एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसत होती. तो दारातून त्यांच्याकडे बघत होता. तेवढ्यात समोरच्या टेकाडावर वीज पडली. आमच्या डोळ्यांपुढे सगळे पांढरे झाले.

शेजारच्या शेतकऱ्यांपैकी एक जण म्हणाला, “हितं पायाळू हाय आत.”

मग चुलते म्हणाले, “खरं हाय त्याचं. राग मानू नको बे, पर तू जरा बाहेर थांब. तुझ्यापायी समद्यांवर यायची.” आणि मग त्यांनी आम्हा बाकीच्यांकडे एकेक करून पाहिले. “आनखी हाय का कोनी? आसंल तर आत्ताच बोला.”

चुलत्यांची नजर माझ्यावरून गेली आणि पुढच्यावर गेली. तेवढाच वेळ मला मिळाला होता, आणि तो पुरेसा होता.

गेल्या अठ्ठावीस वर्षांत मी स्वतःला बऱ्याच सबबी देऊन पाहिल्या. आईची शपथ होती. सोयरीक मोडली असती. चुलते वडीलधारे, त्यांच्यापुढे बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. आणि सगळ्यांत सोयीची सबब अशी, की मी विज्ञानाचा शिक्षक. पायाळू वगैरे काही मी मानतच नव्हतो, तर न मानलेली गोष्ट जाहीर करून काय उपयोग? ही सबब मला बरीच वर्षे पुरली. एके दिवशी ध्यानात आले की मी खरोखरच मानत नसतो, तर बोलायला मला काहीच जड गेले नसते. गप्प राहिलो याचाच अर्थ मी मानत होतो. आणि मानत असूनही सहा जणांच्या अंगावर तो धोका तसाच ठेवून बसलो होतो. दोन्ही बाजूंनी हिशेब लावला तरी मी खोटाच ठरतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी गप्प राहिलो, असे मी सुरुवातीला लिहिले. ते पुरते खरे नाही. लिहितानाही मी स्वतःला थोडे वाचवलेच. चुलत्यांचे बोलणे झाल्यावर मेंढपाळ जागचा हलला नाही. तो माझ्याकडे वळला. सगळ्यांत मी शिकलेला. माझ्या तोंडून काही निघाले तर चुलते ऐकतील, असे त्याला वाटले असावे. तो म्हणाला, “गुर्जी, तुमी शिकल्याली मानसं. तुमी काय म्हनता?”

मी म्हणालो, “तात्या म्हणतात तर थांबा थोडा वेळ बाहेर. पाऊस काय, आत्ता जाईल.”

माझा आवाज जन्मापासून लहान आहे. वर्गात मागच्या बाकावरची मुले सारखी “सर, ऐकू येत नाही” म्हणतात. पण पत्र्यावर गारा कोसळत असताना माझे ते वाक्य त्याला नीट ऐकू गेले. त्याने मान हलवली. “जातो की. मेंढरं बी बाहेरच हायती,” असे म्हणून घोंगडीचा घोंगता डोक्यावर घेतला आणि तो बाभळीकडे पळाला. मेंढरांना झाडाखालून हुसकावायला तो काठी हलवत होता, एवढे मला दिसले. त्यानंतर वीज बाभळीवर आली.

नऊ मेंढरे जागीच गेली. तो झाडापासून आठ-दहा पावले लांब होता म्हणून वाचला. आम्ही धावत गेलो तेव्हा चिखलात बसला होता आणि डाव्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यावर येत होती. मेंढरांकडे बघत तो काही तरी पुटपुटत होता. वडिलांनी बैलगाडी जुंपायला लावली. गाडीत त्याला टेकवताना चुलते शेजारच्यांना म्हणाले, “बघितलंत? आत आसता तर आज समदे गेलो आसतो.” त्या बोलण्यात क्रौर्य नव्हते, सुटल्याचा थरकाप होता. पण तेच बोलणे आठवडी बाजारातून तेलगावापर्यंत पोचले, आणि पुढे त्यात इतकी भर पडली की वीज आखाड्याला घिरट्या घालत त्याला शोधत होती, असेही लोक सांगू लागले.

वर्गात मी दर साली शिकवतो: वीज उंच वस्तूवर पडते, म्हणून झाडाखाली थांबू नये. त्या दिवशी वीज झाडावर पडली होती. तिने त्या माणसाला शोधले नव्हते. त्याला झाडापाशी आम्ही धाडले होते. एवढे एक वाक्य त्या वेळी मी गावात बोललो असतो तर त्याची पुढची वर्षे वेगळी गेली असती. पण ते बोललो असतो तर ‘मग तेव्हा का बोलला नाहीस?’ हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाच्या वाटेवर मी बसलेलो होतो.

त्याचा डावा कान कायमचा गेला. एका कानाने कळप राखता येत नाही. डावीकडचे कोकरू ओरडले तर ते कुठे आहे हे कळायला मान फिरवावी लागते. दोनेक सालांत त्याने मेंढरे काढून टाकली, आणि आमच्याच गावाच्या कडेला, माळाला लागून, घर करून राहिला. पाच-सहा शेळ्या ठेवल्या. घोंगड्यांना लागणारे लोकरीचे सूत कातू लागला. गाव त्याला आबा म्हणू लागले. माणसे वाईट वागली असे मी म्हणणार नाही. पाठ धरली की अजूनही त्यालाच बोलावत. फक्त आभाळ आले की त्याला कोणी छपराखाली घेत नसे. आधी लोक तोंडाने सांगत. मग नुसते बघत. मग तेही करायची गरज उरली नाही, कारण तो आपणहून उठून जाऊ लागला. एकदा वादळ आले तेव्हा मी एसटीच्या थांब्यावर होतो. तोही होता. पहिला गडगडाट झाला तशी त्याने पिशवी उचलली आणि पावसात चालू लागला. थांब्यावर आम्ही बारा जण होतो. त्याला कोणी थांबवले नाही. मीही नाही.

सगळ्यांत वाईट गोष्ट मला उशिरा कळली. तो स्वतःच्या घरातूनही उठून जात होता.

ते मला यंदा होळीनंतर, वर्गात कळले. हल्ली वादळाच्या आधी मोबाइलवर इशारे येतात, शाळेच्या छपरावर वीज अडवणारी तांब्याची सळई बसवली आहे, आणि मार्चमध्ये मुलांना विजेपासून कसे वाचावे हे शिकवायचे असते. मी फळ्यावर लिहीत होतो: पक्क्या घरात थांबावे, उघड्या माळावर असाल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, झाडाखाली जाऊ नये. दुसऱ्या बाकावरून सहावीतली एक मुलगी उभी राहिली. ही आबांच्या लेकीची लेक. शिकायला इथेच असते. तिने विचारले, “सर, पायाळू माणसानं कुठं बसायचं?”

मुले हसली. मी खडू खाली ठेवला. मी तिला सांगितले की विजेला माणूस कसा जन्मला हे कळत नाही, पायाळू माणसानेही सगळ्यांबरोबर घरातच बसायचे.

ती म्हणाली, “मग तुमी आबाला सांगा की सर. आभाळ आलं की माळावर जाऊन बसतो. आजी रडती. म्या म्हनलं तर म्हनतो, तू घरात हायेस म्हनून तर जातो.”

चार दिवस मी टाळाटाळ केली. पाचव्या दिवशी संध्याकाळी उन्हे उतरताना गेलो. आबा घरापुढच्या ओट्यावर सूत कातत बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला चटई टाकलेली होती. मी वळसा घालून डावीकडे बसलो, नुसत्या दगडावर. त्या वेळी मला वाटले की मी सहज तिथे बसलो. तसे नव्हते.

मी वर्गातला धडा त्यांना सांगितला. मोठ्याने, मान पुढे काढून, जेणेकरून उजव्या कानाला ऐकू जावे. म्हणालो, “वीज उंच वस्तू बघते, आबा. माळावर तुम्ही बसता तिथे सगळ्यात उंच तुम्हीच असता.”

ते हसले. “बसल्यावर बी मीच उंच? म्हातारीच्या बापाला तर मी उभा आसताना बुटका वाटलो व्हतो.” आतून त्यांच्या बायकोचे हसू ऐकू आले. मग कातण थांबवून ते सावकाश म्हणाले, “तुमचं खरं आसंल, गुर्जी. पुस्तकात आसंल तसं. पर घरात नात हाय. तुमचं खरं निघालं तर मी उगा भिजलो, दुसरं काय? आन् माझं खरं निघालं तर?”

इतकी वर्षे ज्या समजुतीला मी अडाणीपणा म्हणत आलो, तिच्यातून या माणसाने स्वतःच्या जिवावर दुसऱ्यांचा जीव वाचवायची रीत काढली होती. मी शिकलेला, आणि त्याच समजुतीतून मी मात्र स्वतःपुरते छप्पर काढले होते. उत्तर एकच होते, आणि ते पुस्तकातले नव्हते. आबा, मीही पायाळू आहे. चौपन्न वर्षे आभाळ आले की सगळ्यांच्या मध्ये बसत आलो आहे. माझ्यापायी कोणावर काही आले नाही.

ते मी बोललो. अगदी शब्द न् शब्द बोललो, आणि शेवटी “मला माफ करा” असेही म्हणालो. पण हळू बोललो, आणि डाव्या कानाशी.

त्यांनी मान फिरवली. “काय म्हनलात?”

मी म्हणालो, “काही नाही. वारा सुटलाय म्हटलं.”

घरी येताना पायाखालची वाट दिसत नव्हती असे झाले होते. आई जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या शपथेतून ती गेली त्याच दिवशी मी मोकळा झालो होतो. सोयरीक जुळली, संसार झाला, मुले मोठी झाली. वडीलही गेले. आता झाकण्यासारखे काही उरलेच नव्हते, तरी माझा हात त्या झाकणावरून निघत नव्हता.

हनुमान जयंतीला गावात दुपारचा भंडारा असतो. देवळापुढचा सभामंडप पक्का, सिमेंटच्या स्लॅबचा. बाजूला स्वयंपाकासाठी पत्रे टाकलेले. पहिली पंगत उठली तेव्हाच उत्तरेकडे अंधारून आले होते. मोबाइल एकामागून एक वाजू लागले. वारा आला तो पत्रावळी उडवीतच. बायकांनी भाजीची पातेली उचलून मंडपात आणली, माणसे खांबांना टेकून दाटीने बसली. चुलते आता ऐंशीला आले आहेत. त्यांना मी हात धरून एका खांबाशी बसवले. आबा नातीला घेऊन पंगतीला आले होते. पहिला गडगडाट झाला आणि ते उठले. नातीला तिथेच बसायची खूण करून, घोंगडी डोक्यावर घेत, पायऱ्या उतरले.

ती बसली नाही. धावत जाऊन तिने घोंगडीचे टोक धरले. ते तिला मागे लोटत होते, ती सोडत नव्हती. तोवर गारा सुरू झाल्या. मंडपातून कोणी तरी म्हणाले, पोरीला आत घ्या. चुलते म्हणाले, “पोरीला तेवढी आणा रं. त्याची त्याला सवय हाय.”

मुलीने मंडपाकडे वळून पाहिले. तिची नजर माझ्यावर थांबली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिच्या आजोबांनी पाहिले होते, तशीच ती शिकलेल्या माणसाकडे बघत होती.

मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. गारा पाठीवर लागत होत्या एवढे आठवते. एका हाताने मुलीला धरले, दुसऱ्याने आबांचा दंड. त्यांना ओढत पायरीपर्यंत आणले. मुलगी वर गेली. आबा पायरीशी थांबले आणि हात सोडवू लागले. “सोडा, गुर्जी. मानसं हायती आत.”

मी मंडपाकडे तोंड केले आणि म्हणालो, “मी पायाळू आहे.”

पत्र्यांच्या आवाजात पहिल्या ओळीपलीकडे ते गेले नाही. मग मी ओरडलो. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी ओरडलो नव्हतो. “मी पायाळू आहे! आजोळी जन्मलो, आईने सांगितलंय मला. त्या दिवशी आखाड्यात मीही होतो, आणि सगळ्यांच्या मध्ये बसलो होतो. वीज माझ्यावर आली नाही. ती बाभळीवर पडली, आणि यांना बाभळीखाली आपण धाडलं होतं.”

खांबाजवळचे दोघे, माझ्याच वर्गात शिकून गेलेले, नकळत मागे सरकले. ते मला दिसले. चुलते डोळे बारीक करून बघत होते. “काय बोलतो बे तू? वैनीनं कधी...” एवढे म्हणून ते थांबले. त्यांना माझे पाय मांडीखाली दाबून बसणारी आई आठवली असेल. त्यांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने, बसल्या जागीच अंग चोरून, खांबाशेजारी त्यांनी एका माणसापुरती जागा केली.

मी आबांकडे वळलो. ते अजून पायरीवरच होते, घोंगडीवरून पाणी गळत होते. मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, की मला माफ करा. विजेचा कडकडाट झाला आणि शब्द त्यात गेले.

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला. “काय म्हनलात?”

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेलो, आणि मंडपातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, “आबा, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी तुम्हाला बाहेर जा म्हणालो. तुमच्या जागी मी बाहेर जायला हवं होतं. नाही, तेही नाही. कोणीच जायला नको होतं. हे मला माहीत होतं, आणि स्वतःला झाकायला मी तुम्हाला घालवलं. माझं चुकलं, आबा. मला माफ करा.”